घसरली म्हणजे वेगात होती असं नाही

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रकावर विषय छापलाय "हिवाळ्यातला अपघात, ट्रॅफिक तिकीट आणि हिअरिंगची तयारी". पाऊण तास दिला होता, त्यातली दहा मिनिटं प्रोजेक्टरने खाल्ली, तर स्लाइड्स राहू देत, मी बोलूनच सांगते.

आधी जरा हात वर करा. मिशिगनमधे पाचच्या वर हिवाळे काढलेले? छान. त्यातले ज्यांची गाडी एकदा तरी घसरलीय त्यांनी हात तसाच ठेवा. बघा, एकही खाली गेला नाही. आता ज्यांना त्यावर तिकीट, म्हणजे पोलिसांची दंडाची पावती, मिळालं आणि त्यांनी ते गुपचूप भरून टाकलं? हं. सात, आठ... नऊ. आणि दुसऱ्या रांगेतले काका, तुम्ही अर्धाच हात का वर केला? अजून भरलं नाही? मग तुमच्याकडे शेवटी येते, नक्की येते.

मला गेली कितीतरी वर्षं एक गोष्ट आतून खाते आणि ती आज सांगायचीच आहे. बर्फावर गाडी घसरली की पोलिस जे तिकीट देतात त्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं "बेसिक स्पीड लॉ". मिशिगनच्या कायद्याचं कलम २५७.६२७. ते काय म्हणतं, तर रस्ता, ट्रॅफिक, हवामान बघून केअरफुल अँड प्रुडंट स्पीडने चालवा, आणि पुढे जेवढं अंतर मोकळं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. कायदा चांगला आहे, माझं कायद्याशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते मधल्या उडीशी. गाडी घसरली, म्हणजे ती घसरण्याइतकी वेगात होती, म्हणजे वेग जास्त होता, म्हणजे तुमची चूक. हे असं गोल गोल फिरतं आणि यात कोणी विचारतच नाही की घसरायच्या आधी त्या ड्रायव्हरला काय दिसत होतं, काय माहीत होतं, आणि त्यावर त्याने काय केलं. कायदा खरं तर तेच विचारतोय. आणि आपण मराठी माणसं काय करतो, "जाऊ दे, कोर्टाची पायरी चढायला नको" म्हणून चेक पाठवून मोकळे होतो.

माझं सांगते. फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेसहा, डेट्रॉइटच्या पश्चिमेला ह्युरॉन नदीवरचा एक छोटा पूल, लिमिट ताशी ४५ माइल. रात्री पाऊस भुरभुरला होता, रस्ता ओला, काळा, बर्फ कुठेही नाही, गाडीचा थर्मामीटर ३४ फॅरनहाइट दाखवतोय म्हणजे गोठणबिंदूच्या वर. तरी अंधार म्हणून मी हळूच चालले होते. पुलावर पुढची चाकं आली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, अगदी रिकाम्या बादलीला हात घालावा तसं. ब्रेकवर पाय, पेडल थरथरतंय, एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, जीव तोडून काम करतोय आणि गाडी मात्र शांतपणे उजवीकडे चाललीय. कठड्याला घासत गेली आणि थांबली. मला काही झालं नाही, पुढचा फेंडर आणि एक आरसा गेला.

आता यातलं मला लागलेलं सांगते. मी ब्रेकवरच काम करते. हिवाळ्यात आमची टीम वर मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलामधे, टेस्टिंगला जाते, गोठवलेल्या ट्रॅकवर दिवसभर गाड्या घसरवून बघणं हे आमचं काम, त्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत. ताशी २५ माइलवर कोरड्या डांबरावर ब्रेक मारलात तर साधारण ३० फुटात गाडी थांबते. दाबलेल्या बर्फावर ८०-८५ फूट. आणि गुळगुळीत ओल्या बर्फावर २०० फुटांच्या वर. ब्रेक तेच, टायर तेच, पाय तोच. यात पाय हलायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. म्हणजे काळा बर्फ, रस्त्यावरचा तो पारदर्शक थर, आधी दिसला नसेल तर अमुक एक वेग सेफ होता असं म्हणायला जागाच उरत नाही, सेफ म्हणजे मग घरी बसणं. आणि पूल आधी का गोठतो हेही सांगून टाकते, कारण हे मॅजिस्ट्रेटलाही सांगावं लागतं: रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते, पुलाला वरून वारा आणि खालूनही वारा. हवा ३४ असली तरी पुलाचा पृष्ठभाग ३२ च्या खाली असू शकतो. माझा थर्मामीटर खोटं बोलत नव्हता, तो हवेचं तापमान सांगत होता.

तर, ऑफिसर आले. सभ्य माणूस, आधी विचारलं लागलं का, थंडी वाजतेय का, त्यांच्या गाडीत बसवलं. मग विचारलं किती स्पीड होता. आणि मी काय म्हणाले? "अराउंड थर्टी, आय गेस. सॉरी, आय लॉस्ट कंट्रोल." मंडळी, हे वाक्य मी पुढे दोनदा कोर्टात ऐकलं. आपल्याकडे "सॉरी" हा शिष्टाचार आहे, कोणाच्या पायाला पाय लागला तरी आपण हात छातीला लावतो, त्यात गुन्ह्याची कबुली नसते. रिपोर्टमधे मात्र तोच शब्द वेगळ्या रांगेत जाऊन बसतो. इथल्या क्रॅश रिपोर्टला यूडी-१० म्हणतात, त्यात "हॅझार्डस अ‍ॅक्शन" असा एक रकाना असतो, तिथे माझ्या नावासमोर "स्पीड टू फास्ट" भरलं गेलं. रडार नाही, मोजमाप नाही, माझ्याच "आय गेस" वरून.

मी डिनाय केलं, म्हणजे चूक अमान्य केली, आणि इनफॉर्मल हिअरिंग, म्हणजे साधी सुनावणी, मागितली. तिथे मॅजिस्ट्रेट असतात, ऑफिसर असतात, सरकारी वकील नसतो आणि तुम्हालाही वकील आणता येत नाही. मी चार पानं लिहून नेली होती. त्यात पूल कसा गोठतो, घर्षण म्हणजे काय, सगळं. दुसरं पान उलटताना मॅजिस्ट्रेटनी हळूच विचारलं, गाडी कठड्यावर गेली हे तर खरं ना? मी म्हटलं हो. संपलं. रिस्पॉन्सिबल. म्हणजे चूक माझीच. ती उडी, मी मघाशी म्हटली ती, माझ्या डोळ्यासमोर मारली गेली आणि चार पानांत त्या उडीबद्दल एक ओळ नव्हती. मी त्या दिवशी पार्किंग लॉटमधे गाडीत बराच वेळ बसून राहिले. दंडाचं काही नव्हतं हो. खोटं नाव आपल्याला चिकटतंय असं वाटत होतं.

सात दिवसांत अपील करता येतं. दंडाएवढी रक्कम बाँड म्हणून भरायची आणि मग जजसमोर फॉर्मल हिअरिंग, पूर्ण नव्याने, आधीचा निकाल धरत नाहीत. यात सरकारी वकील असतो, तुम्ही स्वखर्चाने वकील घेऊ शकता. मी घेतला नाही. पण या वेळी पानं नेली नाहीत, प्रश्न नेले.

ऑफिसर शपथेवर. मी विचारलं, तुम्ही माझा वेग मोजलात का? नाही. तुम्ही तुमची गाडी कुठे उभी केलीत? पुलाच्या अलीकडे. पुलावर का नाही? कारण पूल फार निसरडा होता. ते तुम्हाला कधी कळलं? (इथे ते जरा थांबले.) पुलावर पाय ठेवल्यावर, म्हणाले. आणि तुम्ही माझ्या गाडीपर्यंत कसे आलात? कठडा धरून. धोक्याच्या इशाऱ्याचे फ्लेअर्स कुठे लावलेत? पुलाच्या अलीकडे, कारण आम्ही उभे असताना आणखी एक गाडी तिथेच फिरली. मंडळी, त्या माणसाने एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही, प्रामाणिक होता, मला आजही त्यांच्याबद्दल आदर आहे. मीठ टाकणारा ट्रक आम्ही तिथे असतानाच आला, तेही त्यांनीच सांगितलं. सरकारी वकिलाने मग "ब्रिज मे बी आयसी" बोर्डाबद्दल विचारलं, योग्यच प्रश्न. मी सांगितलं बोर्ड बाराही महिने तिथे असतो आणि तो आहे म्हणूनच मी ४५ च्या रस्त्यावर २४ ने होते. हो, २४. घरी येऊन डॅशकॅम बघितला तेव्हा जीपीएसचा आकडा २४ होता. माझं "थर्टी आय गेस" माझ्याच विरुद्ध होतं आणि चुकीचंही होतं!

नॉट रिस्पॉन्सिबल.

काय? किती? पाच मिनिटं? अहो हॉल एकला सोडायचाय हे मला माहितीये पण पत्रकावरचा विषय आत्ता सुरू होतोय. बरं, पटपट.

तिकिटावर तीन पर्याय असतात. मान्य, मान्य पण खुलासा आहे, आणि अमान्य. आपल्या लोकांना मधला फार आवडतो, कारण तो नम्र वाटतो. तो घेऊ नका, म्हणजे तुम्हाला खरंच चूक मान्य असेल तर जरूर घ्या, पण त्यात दंड कमी होऊ शकतो, लायसन्सवर दोषाचे पॉइंट्स लागतातच, आणि ते निकालापासून दोन वर्षं रेकॉर्डवर राहतात. खुलासा करायचाय तर अमान्य करून हिअरिंगमधे करा. वहिनी, तुम्ही मघाशी चहाच्या वेळी एच-वन व्हिसाचं विचारत होतात, तर मिशिगनमधे हे सिव्हिल इन्फ्रॅक्शन आहे, क्रिमिनल केस नाही, आणि हिअरिंग मागायचा हक्क तिकिटावरच छापलेला असतो. त्याने कोणी तुमच्यावर डूख धरत नाही. मात्र इमिग्रेशनच्या फॉर्ममधे काय लिहायचं ते तुमच्या वकिलालाच विचारा.

पुरावा. सिव्हिल असल्यामुळे इथे "शंकेला जागा नको" एवढं कडक माप नाही, कोणाचं पारडं जड एवढंच बघतात, म्हणून छोटा कागदही कामाचा. जवळच्या विमानतळाचं हवामान दर तासाला नोंदलं जातं, त्याला मेटार म्हणतात, गोठणारा पाऊस असेल तर त्यात तसा कोड असतो, आणि नोआ या सरकारी हवामान संस्थेकडून प्रमाणित प्रत मिळते. मीठ कधी टाकलं याची नोंद काउंटीच्या रोड कमिशनकडे फोयाचा, म्हणजे माहिती अधिकाराचा, अर्ज करून मागा, पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, वाढवून घेतले तर आणखी दहा. फोटो रस्त्याचे काढा, फेंडरचे नंतरही निघतील. टायर किती झिजलेत तेही काढा, ते चांगले असतील तर तुमच्या बाजूने बोलतात. एअरबॅग उघडली असेल तर गाडीतल्या रेकॉर्डरमधे आधीच्या काही सेकंदांचा वेग असतो आणि २०१५ च्या फेडरल कायद्याने तो डेटा गाडीच्या मालकाचा आहे. आणि वेग माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, अंदाज सांगू नका.

एक निकाल लिहून घ्या, व्हँडर लान विरुद्ध मीडेमा, मिशिगन सुप्रीम कोर्ट, १९७१. तो नुकसानभरपाईच्या दाव्यातला आहे, तिकिटाचा नाही, पण अचानक आलेलं संकट कशाला म्हणायचं ते त्यात आहे: "अनयूज्वल" किंवा "अनसस्पेक्टेड". पहिल्याचं उदाहरण म्हणून त्यांनी हिमवादळाने अचानक काही दिसेनासं झालेला ड्रायव्हर दिलाय. म्हणून बर्फ सगळीकडे स्वच्छ दिसत होता आणि तरी तुम्ही ६० ने होतात तर हे चालणार नाही, चालूही नये, त्या वेळी दंड भरा. तुमचं रेकॉर्ड साफ असेल आणि पॉइंट्स कमी असतील तर बेसिक ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट कोर्स करून ते टाळता येतात, पण आयुष्यात एकदाच. आणि इन्शुरन्सवाले चूक कोणाची हे स्वतःचं ठरवतात, ५० टक्क्यांच्या वर तुमची का खाली, कोर्टात जिंकलात तरी तिथे वेगळं भांडावं लागेल. मला लागलं.

हो हो, संपवतेय. काका, तुमचं तिकीट. कधीचं म्हणालात? मागच्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार. म्हणजे आज बारावा दिवस. तिकिटाच्या तारखेपासून १४ दिवसांत उत्तर जायला लागतं. गाडीतच आहे ना ते? मग घेऊन या, मी इथेच दाराशी थांबते, आपण तिसऱ्या चौकोनात खूण करू, आणि उद्या सोमवार आहे, कोर्ट उघडलं की स्वतः नेऊन द्या.