बावीस तासांची गोधडी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या धुळ्याकडे थंडी पडली की पेटीतल्या गोधड्या बाहेर येतात. आजीच्या नऊवारीची, आजोबांच्या धोतराची. माझ्या हाताला हे वेड आईकडून लागलं. त्याचा धंदा होईल असं मात्र घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पहिली गोधडी विकली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "चिंध्या तं घरन्याच सेतस, मंग पैसा कसाना?" म्हणजे चिंध्या तर घरच्याच, मग पैसे कशाचे?

खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं. बाळाची एक गोधडी मी चारशे रुपयांना दिली आणि खुशीत घरी आले. रात्री मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वरचं नवं सुती कापड 350, दोरा 60. म्हणजे दहा रुपये पदरचे घातले होते, आणि बावीस तास बसून घातलेला धावदोरा फुकट! दुसऱ्या दिवशी ताशी पन्नास रुपये धरून किंमत काढली, 1510. तो आकडा तोंडातून निघायला मला पुढे दोन महिने लागले. टाका घालणं सोपं असतं हो, भाव सांगणं अवघड.

तेव्हापासून वही सुटली नाही. बसले की वेळ लिहायची, उठले की लिहायची. मध्ये कुकरच्या शिट्टीला उठले तर तेवढा वेळ वजा. आवडीचं काम असलं तरी पाठ दुखतेच, मग तिची मजुरी का सोडायची?

एक फजितीही सांगते. लाल काठ लावलेली एक गोधडी पहिल्याच धुण्यात गुलाबी झाली. गिऱ्हाईक भांडलं नाही, नुसता फोटो पाठवला; ते जास्त लागलं. पैसे परत केले. आता नवं कापड रात्रभर भिजवते, पांढऱ्या फडक्यावर ओलं घासून बघते, मगच कातरीखाली घेते.

दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या यात्रेत एकदा बसून पाहिलं. लोक तिथे घोडे बघायला येतात, गोधडीपुढे कोण थांबणार? पण जे थांबले, त्यांनी आधी गोधडी उलटी करून पाहिली. मागचा टाका सरळ आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तेव्हापासून मी गोधडी उलटीच टांगते.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. 2023 साली सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, पाच टक्के व्याजानं कर्ज आहे. टोपल्या-चटया विणणारे त्यात आहेत, बाहुल्या करणारे आहेत. गोधडीचं नाव यादीत नाही, शिंप्याचं आहे. अटी मात्र नीट वाचून घ्या.

आणि कच्चा माल? तो आपल्याकडे पायाखाली पडलेला असतो. जळगावातल्या रावेर-यावलकडे केळीचा घड उतरला की खांब तोडावाच लागतो, कारण एका खांबाला घड एकदाच येतो. त्याच खांबातून धागा निघतो आणि त्याच्या पिशव्या, चटया होतात. मला तो विणता येत नाही. शिकायची इच्छा आहे.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तर आईनं माझ्यासाठी गोधडी शिवून ठेवलेली. मी सहज विचारलं, "काय भाव?" तर म्हणाली, "आंडेरले काय भाव सांगू?" आंडेर म्हणजे लेक. मग मीच खोदून खोदून विचारलं, किती दिवस बसलीस, दुपारी की रात्री. आणि ती चुलीकडे वळल्यावर वहीत लिहिलं: आई, सव्वीस तास.