आपलं दुकान, पण हिशोब कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो. बार्शीत एका शाळेजवळ माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. ते उभं राहिलं मित्रांच्या पैशावर. आज बोलायचंय ते त्या पैशाबद्दलच.

एप्रिलात गाळा ठरला. कागदपत्रांची धास्ती होती, पण माझ्यासारख्या छोट्या दुकानाला 2017 च्या दुकाने कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. घोळ झाला तो भांडवलाचा. एक मित्र हरभऱ्याचे आलेले 30 हजार कापडी पिशवीत घेऊन आला, टेबलावर ठेवले आणि चहा मागवला. मोजायचं नावच नाही. दुसरा मित्र पतसंस्थेत कारकून. त्याने पिशवी परत न्यायला लावली. म्हणाला, ‘20 हजार किंवा त्याच्यावर रक्कम उसनी घ्यायची तर रोख चालत नाही, आयकरवाले तेवढाच दंड लावू शकतात. चेक आण.’ हरभरेवाला दोन दिवस फुगून बसला.

मग कारकुनाने विचारलं, हे हातउसने की भागीदारी? हातउसने असतील तर दुकान बुडो वा तरो, फेडायचे मीच. भागीदारी असेल तर 1932 च्या कायद्याप्रमाणे दुकानाचं देणं भागीदाराच्या घरा-शेतापर्यंत पोचतं. हे ऐकल्यावर दोघं एका सुरात म्हणाले, ‘हातउसने!’ वहीच्या पानावर रक्कम, तारीख, महिन्याचा हप्ता लिहून सह्या केल्या. खरं सांगतो, सही करताना मान वर होत नव्हती. शाळेपासूनचे मित्र ना.

माल पुण्याला अप्पा बळवंत चौकातून आणला. तिथे दुरेघी वह्या स्वस्त मिळाल्या म्हणून बारा डझन उचलल्या, आणि जूनमध्ये शाळेच्या यादीत सगळ्या एकरेघी! यादी आधी आणायची असते, एवढी साधी गोष्ट.

दुसरी अडचण गोड होती. मित्रांची मुलं यायची, ‘काका, बाबांनी लिहून ठेवायला सांगितलंय.’ वहीमागे सुटतात चार-पाच रुपये, त्यात उधारी. वर हरभरेवाला कुणाहीपुढे म्हणायचा, ‘आपलं दुकान आहे.’ ऐकायला बरं वाटायचं आणि पोटात गोळाही यायचा. शेवटी त्याच्या हप्त्यातून त्याच्या पोरांची उधारी वजा केली, पान त्याच्यासमोर उघडून. तो हसला. त्या दिवसापासून पोरं पैसे घेऊन येतात.

दुरेघी वह्या तीन डझन अजून माळ्यावर आहेत. कुणाला लागत असतील तर या. रोखीने.