रामलालचा तो प्रवेश

नमस्कार श्रोतेहो.

'एकच प्याला' म्हटलं की सिंधू आठवते, दारूत बुडालेला तिचा नवरा सुधाकर आठवतो, त्याला प्याला देणारा तळीराम आठवतो. आज मी रामलालबद्दल बोलणार आहे. हे नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते आपल्याच बडोद्यात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीनं आणलं. नाटककार राम गणेश गडकरींना जाऊन तेव्हा चारच आठवडे झाले होते.

रामलाल म्हणजे सुधाकराचा जिवाभावाचा मित्र, भगीरथ नावाच्या तरुणाला दारूच्या व्यसनातून बाहेर काढणारा. पण सुधाकराच्या बालविधवा बहिणीला, शरदला, लेकीसारखं शिकवता शिकवता याचंच मन तिच्यावर जातं. लेकीसारखं, हे लक्षात ठेवा. मी पाहिलेल्या कितीतरी प्रयोगांत हा भाग गाळलेला होता.

आमच्याही वेळी गाळणारच होते. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम चालायची. मी एकोणीस वर्षांची, शरदच्या भूमिकेत. रामलाल करणारे गृहस्थ आमच्या शेजारचे, शिकवणीचे मास्तर, फार सरळ माणूस. ते म्हणाले, "हा प्रवेश नको. रामलाल देवमाणूस आहे. लोक माझ्याकडे मुली शिकायला पाठवतात."

आजी हिंचक्यावर बसून गवार निवडत होती. (हो, हिंचकाच. पाहुणे झोपाळा म्हणायला सांगतात, पण बडोद्याच्या मराठीत मुरलेले गुजराती शब्द उपटून टाकू नयेत असं मला मनापासून वाटतं. चार पिढ्या आम्ही याच भाषेत भांडलो, रडलो.) तर आजीनं गवारीचं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मास्तर, सुधाकराच्या तोंडाला वास येतो, म्हणून तो सगळ्यांना कळतो. रामलालचं कुणाला कळलं असतं? त्याचं त्यालाच कळलं, म्हणून तर मी त्याला चांगला म्हणते. ते कापलंत, तर उरतो नुसता उपदेश करणारा."

मास्तर गप्प बसले. दोन दिवस तालमीला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते त्या प्रवेशाचं भाषण तोंडपाठ करून.

पुन्हा सांगते, त्याचं त्यालाच कळलं. मला या माणसाबद्दल एवढंच म्हणायचं आहे. रामलाल स्वतःला माफ करत नाही, आणि एकमेकांवर जीव असलेल्या शरद-भगीरथांची वाट मोकळी करतो. म्हणून त्याच्या मनातलं पाप धुतलं जातं, असं मी म्हणणार नाही. ज्या मुलीनं त्याला बाप मानलं, तिचा विश्वास त्यानं तडकवलाच. शरद करताना मला ते फार लागायचं. पण सुधाकराला आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारावीशी वाटली, आणि रामलालनं ती स्वतःच्या माथी घेतली. दोघे मित्र इथे वेगळे होतात.

प्रयोगाच्या रात्री मास्तरांचा आवाज त्या भाषणात दोनदा अडकला. मी विंगेतून पाहत होते. पुढे सिंधूच्या मरणाला सगळा मांडव रडला. आजीनं मात्र पदर डोळ्यांना लावला तो आधीच, रामलाल बोलत असताना.