समोर बसून सांगा

श्रोतेहो, नमस्कार. प्रेम जुळताना स्वभाव झाकून राहतो. नातं सोडायची वेळ आली की तो उघडा पडतो.

फोंड्याकडचा एक मुलगा आणि डिचोलीची एक मुलगी. मुलगा भिडस्त, कुणाला 'नाही' म्हणणं त्याला जमायचंच नाही. त्याचं मन उडालं होतं, पण तिला सांगवत नव्हतं. "चवथ होऊ दे, मग बोलूया." चवथ झाली. "दिवाळी होऊ दे." मग गावची जत्रा, मग शिगमो. फोन उचलायचा आणि दोन शब्दांत ठेवायचा. शेवटी एका संध्याकाळी मुलीनं त्याला रायबंदरच्या धक्क्यावर बोलावलं आणि दोघं चोडणच्या फेरीबोटीत चढली. मांडवीच्या मध्यावर तिनं विचारलं, "तुला पुढे जायचं नाही ना?" मधल्या पाण्यात तो जाणार कुठे? तो रडला आणि म्हणाला, "नाही." चोडणला न थांबता त्याच बोटीनं दोघं परत आली. नंतर ती मला म्हणाली, "मावशी, त्याच्या 'नाही'नं रडले, पण त्या रात्री झोप लागली. 'नंतर बोलूया'नं झोप उडाली होती."

आणि हो, पूल झाले तरी या फेरीबोटी राहायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं. गाडी बंद करून शेजारच्याशी चार शब्द बोलायला पुलावर कोण थांबतो?

तर, स्वभाव. तारा कॉलिन्स आणि ओमरी गिलाथ या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली याच विषयावरचे अभ्यास प्रसिद्ध केले. जवळीक वाढली की ज्यांचा जीव गुदमरतो, ती माणसं सरळ न सांगता आडवाटेनं निघून जातात. आपल्याला कुणी टाकेल या भीतीत जगणारी माणसं परतीचं दार किलकिलं ठेवतात. आणि ज्याला सोडलं जातं, त्याला समोर येऊन मोकळेपणानं सांगणंच त्यातल्या त्यात माणुसकीचं वाटतं. पुन्हा सांगते, समोर येऊन, मोकळेपणानं. भिडस्त माणसांनो, तुमच्या गप्प बसण्यानं समोरच्याचं दुःख टळत नाही, लांबतं.

मात्र समोरचा हात उगारणारा, धमक्या देणारा असेल, तर हे सांगायला एकटीनं जाऊ नका. घरच्यांना आधी सांगा. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे. एक, आठ, एक. लिहून ठेवा.