काम केलेल्या इंजिनातली टकटक

(पडदा काळा. फक्त आवाज: आयडलवर चालणारं इंजिन आणि त्यात एक बारीक, न चुकणारी टकटक.)

पुण्यात स्वारगेटजवळच्या एका शेडमध्ये ही अँबॅसेडर मार्क टू उभी आहे. आवाज तिच्याच इंजिनाचा. 1489 सीसी, चार सिलिंडर, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातलं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवट्यांचा दांडा) खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जातात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतात. सिलिंडर बोअर झालेत, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंड झालाय, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग नवी आहेत. नाना पेठेतून आणलेल्या सामानाची पिशवी रिकामी झाली, इंजिन सुरूही झालं. पण टकटक आहे, आणि एक्सिलरेटर दाबला तर गाडी सुस्त आहे.

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: ‘नवीन काम आहे, चालून चालून बसेल.’ रिंगा बसतात, आवाज बसत नाही. उलटी घाईही तितकीच महागात पडते. कुठला आवाज आहे हे कळायच्या आत हेड उतरवलं, तर एक गॅस्केट जातं आणि पुरावाही जातो.

(जवळून: टायमिंग लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लागते.)

आधी आवाजाचा वेग ठरवायचा. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसोबत चमकणारा दिवा, एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो एकदाच चमकतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात ठिणगीची पाळी दोन फेऱ्यांतून एकदाच येते. आता चमक बघत कान द्या. एका चमकेला एक ठोका पडत असेल, तर आवाज कॅमच्या वेगाचा: टॅपेट, रॉकर, पुशरॉड किंवा कॅमवरच चालणारा पेट्रोल पंप. एका चमकेला दोन ठोके पडत असतील, तर तो क्रँकच्या वेगाचा: पिस्टन, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं टोक), मेन बेअरिंग (क्रँक पेलणारं), फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक).

या इंजिनात एका चमकेला एकच ठोका पडतोय, म्हणजे शोध वरून सुरू होतो.

त्याआधी दोन भलतेच गुन्हेगार बाजूला काढू. फॅन बेल्ट उतरवा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला, तर तो डायनॅमोच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगचा होता. दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा. हा हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो, थंड इंजिनावर जास्त आणि तापल्यावर कमी. जोडाशी काजळीची काळी रेघ दिसली, की समजायचं इथून फुसफुसतंय.

दोन्ही नाहीत. मग लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, पातं रॉकर कव्हरच्या एकेका भागावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. इथे आवाज तीन नंबरच्या सिलिंडरवर सर्वांत ठळक आहे.

(रॉकर कव्हर उघडलेलं.)

या इंजिनाचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यातली फट) 15 थाऊ, इंचाचे 15 हजारांश, म्हणजे 0.38 मिलिमीटर. लावताना नऊची बेरीज लक्षात ठेवायची. आठ व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ नंबर द्या. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे त्याचा नंबर नवातून वजा करा. जो नंबर उरेल त्याचा टॅपेट लावा. आठवा दाबलेला असेल तर पहिला, सहावा दाबलेला असेल तर तिसरा, चौथा दाबलेला असेल तर पाचवा. त्या क्षणी तुमचा व्हॉल्व्ह कॅमच्या गोल पाठीवर असतो, उंचवट्यापासून सर्वांत लांब.

तीन नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट गेजनं तपासले. दोन्ही बरोब्बर 15 थाऊ. तरीही टकटक.

(अगदी जवळून: रॉकरचं टोक उलटं करून, टॉर्चच्या उजेडात.)

रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतं, त्यात बशीसारखा लहानसा खड्डा पडलाय. त्याचा आकार व्हॉल्व्हच्या दांड्याएवढाच. फिलर गेजची पट्टी सपाट असल्यामुळे ती खड्ड्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकते. पट्टी सांगते 15 थाऊ, पण खड्ड्याच्या तळाशी गॅप त्याहून मोठा असतो. हेडच्या कामात व्हॉल्व्ह बदलले गेले, रॉकर मात्र तेच जुने परत लागले. बहुतेक वेळा चूक इथेच होते, कारण झिजलेला रॉकर वरून बघितला तर ठणठणीत दिसतो. इलाज दोन: टोक मूळ गोलाईत ग्राइंड करून घ्यायचं, नाहीतर नवा रॉकर. ग्राइंड करताना वरचा कडक थर फार काढला, तर काही हजार किलोमीटरनंतर खड्डा पुन्हा येतो. म्हणून खड्डा खोल असेल तर नवाच रॉकर घ्यावा.

कव्हर उघडं आहे तोवर इंजिन मिनिटभर आयडलवर चालवा आणि प्रत्येक रॉकरपाशी तेल येतंय का बघा. रॉकर शाफ्टला तेल ब्लॉकमधून, हेडमधून, शाफ्टच्या एका पायातून वर येतं. तो मार्ग गाळानं किंवा गॅस्केटनं अडला, तर रॉकर कोरडे चालतात आणि आवाज काही दिवसांनी पुन्हा सुरू होतो.

टॅपेट लावूनही आवाज गेला नाही, रॉकरही चांगले निघाले, तर मग शंका कॅमवर. डायल गेजचा काटा पुशरॉडच्या डोक्यावर टेकवा, क्रँक हातानं फिरवा आणि आठही पुशरॉड किती वर येतात ते लिहून काढा. चारही इनटेकचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत, चारही एक्झॉस्टचे एकमेकांशी. एखादा स्पष्ट कमी आला, तर तो उंचवटा घासलाय. नव्या कॅमच्या बाबतीत हे पहिल्या अर्ध्या तासातच घडतं. नवा कॅम आणि नवे टॅपेट (इथे कॅम आणि पुशरॉडमधले ठोकळे) टाकल्यावर इंजिन सुरू होताच 2000 आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं चालवावं लागतं, कारण आयडलवर क्रँकमधून उडणारं तेल कॅमला पुरत नाही. पहिल्याच दिवशी कार्बोरेटर लावत पंधरा मिनिटं मंद आयडल ठेवणं, ही सवय नव्या कॅमचा घात करते.

(आवाज बदलतो. एका चमकेला दोन ठोके.)

आता खालचे आवाज. एकेका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवून अर्थिंग करा, म्हणजे त्या सिलिंडरवरचा स्फोटाचा भार जातो. भार गेल्यावर ठोका दबला, तर त्या सिलिंडरचा बिग एंड बघा. एकाचे दोन हलके ठोके झाले, तर पिस्टनची पिन. थंड इंजिनावर खणखणतो आणि तापल्यावर विरतो, तो पिस्टनचा. बोअर गरजेपेक्षा मोठं झालंय. चढावर, भारात खोल धपधप आणि सोबत ऑइल प्रेशर पडलेलं, तर मेन बेअरिंग. गरम इंजिनावर, चालत्या वेगात प्रेशर 50 पीएसआयच्या आसपास असावं.

संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवायची वेळ आलीच, तर आधी शेलची, म्हणजे बेअरिंगच्या अर्ध्या वाटीची, पाठ वाचा. क्रँक 20 थाऊ ग्राइंड झाला असेल, तर प्रत्येक शेलच्या पाठीवर 020 पाहिजे. एका पाकिटात चुकून दुसऱ्या मापाचा शेल येणं अशक्य नाही. मग प्लास्टिगेजची मऊ तार जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या क्रँकच्या गोल भागावर) ठेवून कॅप ठरल्या टॉर्कला आवळा, पुन्हा काढा आणि चेपलेल्या तारेची रुंदी पट्टीशी लावा. जर्नलच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक थाऊ फट असावी. कॅप ज्या रॉडची त्याच रॉडवर, नंबर एकाच बाजूला.

फ्लायव्हीलचे बोल्ट सैल असले तरी ठोका खालूनच येतो. आयडलवर असताना इग्निशन क्षणभर बंद करून लगेच चालू करा. त्या झटक्याला जोराचा एकच ठोका पडला, तर बेअरिंग उघडण्याआधी गिअरबॉक्सच्या बाजूनं बघा.

(टकटक थांबलेली. गाडी बाहेर येते, चढावर अडखळते.)

टकटक गेली, सुस्ती राहिली. आता टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. इथे सर्वांत मोठा धोका म्हणजे पुलीवरच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास. कामात पुली बदलली गेलेली असू शकते, कव्हर दुसऱ्या इंजिनाचं असू शकतं. एक नंबरचा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, स्वतः शोधायचा.

चारही प्लग काढा, बॅटरीची वायर सोडा. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं अंग फोडून काढा, त्यात एक बोल्ट घट्ट बसवा, टोक गोल घासा. हा झाला स्टॉप. तो एक नंबरला लावा आणि पिस्टन हलकेच टेकेपर्यंत क्रँक हातानं फिरवा. टायमिंग कव्हरच्या काट्यासमोर पुलीवर खडूनं खूण करा. मग क्रँक उलटा फिरवून पिस्टन पुन्हा टेकेपर्यंत आणा, दुसरी खूण करा. हँडल उलटं फिरवलं तर सुटतं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागे ढकलली की काम होतं. दोन खुणांमधल्या लहान कंसाचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. मूळ खाच त्याच्याशी जुळली नाही, तर पांढऱ्या रंगानं नवी खूण करा आणि जुनीला विसरा.

आता पॉइंट, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करणारे संपर्क. आधी पॉइंट, मग टायमिंग; उलट क्रम केला तर पहिली मेहनत वाया. पॉइंटचा गॅप वाढला की ते लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. गॅप 14 ते 16 थाऊ, ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) मोजायचा मीटर असेल तर 60 अंशांच्या आसपास. ड्वेल एका अंशानं वाढला, की टायमिंग क्रँकच्या सुमारे एका अंशानं मागे येतं.

एक नंबर कॉम्प्रेशनवर आणा. क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या चेनच्या दोन गिअरांच्या खुणा समोरासमोर आल्या म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर असेलच असं नाही, म्हणून व्हॉल्व्ह बघा: एक नंबरचे दोन्ही बंद आणि चार नंबरचे हलण्याच्या बेतात. क्रँक मॅन्युअलमधल्या अंशांवर ठेवा. पॉइंटच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत 12 व्होल्टचा दिवा जोडा, इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवा. दिवा पेटेल त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लँप आवळा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, आणि या इंजिनात रोटर (डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता हात) वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. नवीन वायर टाकताना दोन आणि तीनची अदलाबदल झाली, की कार्बोरेटरमधून फटाके येतात.

मग इंजिन सुरू, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद, आणि टायमिंग लाइट. खूण एका जागी स्थिर दिसायला हवी. ती थरथरली किंवा दोन-दोन दिसली, तर डिस्ट्रिब्यूटरचा बुश झिजलाय. तो बदलल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. वेग वाढवला की खूण सरकत पुढे गेली पाहिजे. गेली नाही, तर डिस्ट्रिब्यूटरमधली टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकलीत.

(व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडलेला.)

सगळं जुळलं आणि तरी इंजिन सुस्त राहिलं, किंवा टायमिंग क्रँकचे पंधरा-वीस अंश भलतीकडे नेल्यावरच जरा बरं चाललं, तर चेन एक दात चुकलीय का बघा. क्रँकच्या गिअरला 20 दात असतील, तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे 18 अंश. एक नंबरला एक्झॉस्टच्या शेवटी टीडीसीवर आणा. दोन्ही व्हॉल्व्ह किंचित आणि जवळपास सारखेच उघडे हवेत. एक बराच उघडा आणि दुसरा पूर्ण बंद दिसला, तर कव्हर उतरवा. व्हॅक्यूम गेजवर कॅम मागे पडल्याची खूण म्हणजे काटा स्थिर पण खूप खाली. पुस्तकातले व्हॅक्यूमचे 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे आहेत. पुणे साधारण 560 मीटरवर असल्यामुळे इथे दोनेक इंच कमी धरायचे, म्हणजे निरोगी इंजिन 15 ते 19 दाखवेल. हे न धरता चांगली इंजिनं नाहक उघडली जातात.

(कात्रजचा जुना घाट. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढतेय.)

शेवटची चाचणी चढावर. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, एक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबून. काच खाली ठेवा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, तर टायमिंग पुढे गेलंय. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं. कार्बोरेटरमधून फटफट ऐकू आली, तर डिस्ट्रिब्यूटरला हात लावण्याआधी मिश्रण जरा जाड करून बघा. खड्यांचा आवाज मात्र राहिलाच, तर बोगद्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्या, क्लँप सैल करा आणि डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या उलट, एक अंश फिरवा. क्रँकवर ते दोन अंश होतात. क्लँप आवळा, खाली या, आणि तोच चढ पुन्हा चढा.