पुठ्ठ्यावरची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

‘सूर्य उगवला नाही तर’ हा निबंध शाळेत तुम्हीही लिहिला असेल. आधी सूर्याचे उपयोग, मग अंधाराचे हाल, शेवटी ‘म्हणून सूर्य हवाच’. पानभरात जग बुडवायचं आणि तास संपायच्या आत परत जागेवर ठेवायचं! मी दिवसा अशा निबंधांवर संशोधन करते, रात्री विज्ञानकथा लिहिते. दोन्ही कसं जमतं, असं लोक विचारतात. जमतं कसलं, एकातलं दुसऱ्यात सांडतं.

संशोधनाचा विषय, लेखनशिक्षणाचं निर्वसाहतीकरण. शब्द जड आहे, मलाही जातो. ‘चांगलं लिहिणं’ म्हणजे काय, हे कुणी आणि कधी ठरवलं, एवढंच त्यात विचारायचं. मराठीत विरामचिन्हं रुजवण्यात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा वाटा. शाळेच्या पुस्तकांची भाषाही त्यांच्या हाताखालून गेली. स्वल्पविराम टाकून द्या असं माझं म्हणणं नाही, माझा तो लाडका आहे. पण सोलापुरात विणकरांच्या पूर्व भागातली मुलगी घरी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू बोलून वर्गात येते. तिच्या वहीत ‘काय बे’ दिसलं की लाल रेघ ओढताना हात जरा थांबावा. माझा कित्येक वर्षं थांबला नव्हता.

आता रात्रीची वही. जकार्ड मागावर चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. भोक असलं तर ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर, नसलं तर खाली. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे आपला चादरवाला आणि संगणक लांबचे भाऊबंदच की!

माझ्या कथेत २१३० साली एका मुलीला बंद कारखान्यात अशी माळ सापडते. मोर उमटेल म्हणून ती मागावर चढवते, आणि उमटते पणजीची गोष्ट. पणजीला अक्षर येत नव्हतं, भोकं पाडता येत होती. मग मुलीने ती वाचायची कुठल्या भाषेत? तेलुगूत, की वर्गातल्या मराठीत? दिवसाच्या वहीत यावर चाळीस पानं झालीत. रात्रीच्या वहीत एकच ओळ, ‘माग चालू झाला’. तिच्यापुढे पूर्णविराम द्यावा की नको, यावर कालपासून अडून बसले आहे.

नमस्कार.