एका ढांगेची शीव
(म्योडलारॉइट गावावरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : ओढा, अगदी जवळून. पाण्याचा आवाज थोडा वेळ तसाच राहू द्यावा.)

हा टानबाख. नदी म्हणावं असं यात काही नाही. एखादं पोर पळत आलं आणि उडी मारली, तर सहज पलीकडे. बव्हेरिया आणि थुरिंजिया ही जर्मनीतली दोन राज्यं. अलीकडचा काठ बव्हेरियाचा, पलीकडचा थुरिंजियाचा, आणि दोन्ही काठांवर मिळून गाव एकच : म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नासेक माणसांची. नावातल्या ‘रॉइट’चा अर्थ झाडं तोडून, खुंट उपटून मोकळी केलेली जमीन. इथून मोटारीनं निघालात तर आसपासच्या पाट्यांवर हे शेपूट पुन्हा पुन्हा दिसेल.

(दृश्य : शेवाळलेला शिवेचा दगड. कॅमेरा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरतो.)

ओढा ही शीव फार जुनी. १८१० साली हा प्रदेश बव्हेरियाच्या राज्याकडे आला, तेव्हा काठानं नवे दगड रोवले. एका बाजूला ‘के. बी.’, म्हणजे बव्हेरियाचं राज्य. दुसऱ्या बाजूला ‘एफ. आर.’, म्हणजे रॉइस घराण्याचं संस्थान. दगड रोवले गेले आणि लोक आपापल्या कामाला लागले. शाळा नि खानावळ थुरिंजियाच्या बाजूला होती, रविवारी चर्चला जायचं तर शेजारच्या ट्योपेनला, बव्हेरियात. कर दोन ठिकाणी भरला जायचा, बाकी सगळं एकत्र. राजे गेले, संस्थानं गेली, तरी हा व्यवहार चालू राहिला.

१९४५मध्ये थुरिंजिया सोव्हिएत फौजांच्या ताब्यात आला, बव्हेरिया अमेरिकनांकडे राहिला. १९४९मध्ये दोन जर्मन देश झाले : थुरिंजिया पूर्व जर्मनीत गेला, बव्हेरिया पश्चिम जर्मनीत. ढांगेएवढा ओढा आता दोन देशांमधली सीमा होता.

(दृश्य : संग्रहालयातली जुनी छायाचित्रं, फळ्यांचं कुंपण.)

१९५२च्या मे महिन्यात पूर्व जर्मनीनं आपल्या पश्चिम सीमेवर तीन पट्टे आखले. सीमेपासून पाच किलोमीटर आत प्रतिबंधित क्षेत्र. त्यातले सीमेलगतचे पाचशे मीटर म्हणजे संरक्षण पट्टा. आणि अगदी सीमेशी दहा मीटरची नांगरलेली पट्टी. म्योडलारॉइटचा पूर्व भाग या पाचशे मीटरमध्ये अख्खा मावला. आपल्याच घरी जायला ओळखपत्रावर शिक्का लागू लागला. पुढच्याच महिन्यात ‘भरवशाची नाहीत’ असं ठरवलेली कुटुंबं सीमाभागातून उचलून आत हलवली गेली. ओढ्याकाठी आधी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तार.

(दृश्य : पांढरी भिंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सावकाश.)

आणि १९६६ साली ही. काँक्रीटची, सुमारे ७०० मीटर लांब, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच. दोन जर्मनींमधली सीमा १३९३ किलोमीटरची होती. त्यात अशी भिंत १९८९पर्यंत मोजून एकोणतीसेक किलोमीटर. बाकी सगळीकडे जाळी. मग या चिमुकल्या गावाला भिंत का? कारण जाळीतून आरपार दिसतं. मोकळ्या रानात पहारेकऱ्याला ते सोयीचं. गावात मात्र समोरच्या अंगणात उभा असलेला चुलत भाऊ दिसतो, आणि हात वर होतो. इथे पश्चिमेकडे हात हलवायलाही बंदी होती. अमेरिकन सैनिकांनी या गावाला नाव दिलं ‘लिटल बर्लिन’. नाव चटकदार आहे, पर्यटकांनाही आवडतं. पण बर्लिनसारख्या महानगराच्या भिंतीपेक्षा पन्नास माणसांमधली भिंत समजून घेणं सोपं जातं, म्हणून आपण ती टप्प्याटप्प्यानं पाहू. सुरुवात पूर्वेकडून करू. पूर्वेतून पश्चिमेला पळणाऱ्याची वाट तीच.

(दृश्य : तारांचं कुंपण, जवळून. तारेचे इन्सुलेटर.)

पहिला अडथळा गावाच्या मागे, शेतांच्या बाजूला. ही सिग्नलची तार. हिच्यात सौम्य दाबाचा प्रवाह, त्यानं कुणी मरत नाही. दोन तारा एकमेकींना टेकल्या किंवा एखादी तुटली की नियंत्रण मनोऱ्यात इशारा वाजे आणि कोणत्या टप्प्यात ते कळे. खोड एकच : हरीण धडकलं, वाऱ्यानं फांदी पडली, तरी इशारा तोच. प्रत्येक वेळी पहारेकऱ्यांना धावावं लागे. पूर्वेकडचं गाव या तारेच्या आणि भिंतीच्या मध्ये, म्हणजे दोन्हीकडून बंद.

(दृश्य : भोकांच्या काँक्रीट फरश्यांची दुहेरी वाट, मधून गवत.)

ही गस्तीची वाट. दोन चाकांसाठी फरश्यांच्या दोन रांगा. फरशीला आरपार भोकं, त्यामुळे ती हलकी होते, पाणी खाली मुरतं आणि चिखलातही गाडी रुतत नाही. पूर्व जर्मनी संपला, तरी या फरश्या कितीतरी शेतकऱ्यांच्या उपयोगी पडताहेत.

वाटेला लागून सहा मीटर रुंदीची वखरून ठेवलेली माती. रुंदी सहाच का? धावत येऊनही एका उडीत पार होऊ नये म्हणून. माती भुसभुशीत ठेवायची, तणनाशक मारून तणाचं पातं उगवू द्यायचं नाही, आणि गस्तीवाल्यानं गाडीतूनच पाऊलखुणा वाचायच्या. मोठा पाऊस झाला की वरचा थर बसून जाई आणि सगळं पुन्हा वखरावं लागे. बर्फ पडलं की हे काम फुकटात होई.

(दृश्य : गावाबाहेरचा चर, आडव्या छेदात.)

या चराकडे नीट पाहा. मोटारी अडवायला खणलेला. पूर्वेकडची बाजू उतरती, पश्चिमेकडची उभी आणि काँक्रीटच्या फरश्यांनी बांधलेली. पूर्वेकडून आलेली गाडी उतारावरून खाली जाते आणि तोंड समोरच्या फरशीवर आपटतं. पश्चिमेकडून रणगाडा येईल अशी भीती होती, तर उभी बाजू पूर्वेला हवी होती. सरकारी भाषेत ही सगळी तटबंदी पश्चिमेच्या शत्रूविरुद्ध होती. चराचा आकार काही वेगळंच सांगतो.

गावाबाहेरची जाळीही तशीच. पोलादी पत्रा चिरून ताणलेला, भोकं इतकी बारीक की बोट अडकवून चढता येत नाही, आणि कडा धारदार. भिंतीला भोकंच नाहीत. तिचा पांढरा रंग रात्री दिव्यांच्या उजेडात माणसाची आकृती ठळक करायला.

(दृश्य : गोल मनोरा, खालून वर.)

हा मनोरा काँक्रीटच्या नळ्यांवर नळ्या रचून उभा केला, वर अष्टकोनी खोली. उंची अकरा मीटर. बुंधा बारीक आणि डोकं जड, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात तो डुले. पुढे ठिकठिकाणी अशा मनोऱ्यांऐवजी बुटके, चौकोनी मनोरे आले. पहारा जोडीनं, आणि जोड्या सतत बदलत्या. पहारेकऱ्यावरही पहारा हवाच होता.

भिंत मात्र खऱ्या सीमेवर नाही, काही पावलं आत आहे. बांधणाऱ्याचे आणि दुरुस्त करणाऱ्याचे पाय आपल्याच हद्दीत राहावेत म्हणून. त्यामुळे भिंतीच्या पश्चिमेची गवताची अरुंद पट्टीही पूर्व जर्मनीचीच. पश्चिमेकडच्या पाहुण्यानं नकळत ओढा ओलांडला, तर तो परदेशात उभा असे, समोर भिंत असूनसुद्धा.

१९७३च्या मे महिन्यात या पट्ट्यात यायचा परवाना असलेल्या एकानं गाडी भिंतीशी आणली, टपावर शिडी लावली आणि तो पलीकडे उतरला. एवढ्या सगळ्या यंत्रणेवर एक घरगुती शिडी. १९८३मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश पश्चिमेच्या काठावर येऊन भिंत पाहून गेले.

(दृश्य : पायवाट, माणसं, बर्फाळ दिवस. निवेदन थांबावं.)

९ डिसेंबर १९८९. बर्लिनची भिंत उघडली त्याच्या बरोबर एक महिन्यानंतर इथे पायी जाण्यापुरती वाट उघडली. १७ जून १९९० रोजी खोदयंत्रानं भिंत पाडायला सुरुवात झाली.

(दृश्य : उरलेल्या भिंतीवरचा पोपडा, खाली गंजलेली सळई.)

पाडता पाडता सुमारे शंभर मीटर राखली, आणि आज ती संग्रहालयाचा भाग आहे. राखणं पाडण्याहून अवघड. काँक्रीटमध्ये पाणी शिरतं, सळई गंजून फुगते, वरचा थर सुटतो. डागडुजी फार चकचकीत झाली तर भिंत खोटी दिसते. केलीच नाही तर पडते. सगळीच पाडायला हवी होती असं म्हणणारे भेटतात. त्यांनी तो चर एकदा पाहावा.

(दृश्य : दोन्ही काठांवरची घरं, मग पुन्हा ओढा.)

राज्यं आजही दोनच आहेत. पश्चिमेचा काठ ट्योपेन ग्रामपालिकेत, पूर्वेचा गेफेल नगरपालिकेत. समोरासमोरच्या घरांचे पिनकोड ९५१८३ आणि ०७९२६. शाळेच्या सुट्ट्या वेगवेगळ्या, गाड्यांच्या नंबरांची अक्षरं वेगळी. अलीकडे ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, पलीकडे ‘गुटेन टाग’.